एकफलकी संगणकावरील संगीत : ध्वनीचा दर्जा कोठे ठरतो?

तंबोऱ्याचा नाद हा ध्वनिशास्त्रातील एक बोधप्रद विषय होय. १९१० साली चलन-अधिकारी म्हणून नागपुरास नेमणूक झालेले चंद्रशेखर वेंकट रामन हे पुढे कलकत्त्यास गेले, आणि १९२१ सालच्या आपल्या निबंधात त्यांनी या वाद्याचा एक विशेष दाखवून दिला. सामान्य नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्यांचा निस्पंद पडतो ते उपस्वर लोप पावावयास हवेत. तंबोऱ्यात मात्र तेही स्पष्टपणे ऐकू येतात. घोडीचा वक्र पृष्ठभाग व तीवरील जवारीचे सूत यांचे हे कार्य होय. मंद होत जाणाऱ्या नादात उच्च उपस्वर दीर्घकाळ टिकवून धरणारे हे वाद्य कोणत्याही ध्वनियंत्राची खरी कसोटी घेते. ज्या यंत्रात हे उपस्वर झाकले जातात, त्यावर तंबोरा ऐकून जवारीविषयी काढलेले अनुमान वाद्याचे नसून यंत्राचे असते.

संगीताच्या वा भौतिकीच्या विभागास अल्प खर्चात श्रवणयंत्र उभारावयाचे असल्यास एकफलकी संगणक हे सोयीचे साधन आहे. रास्पबेरी पाय हा या जातीचा सर्वपरिचित संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. ध्वनिलेखांचा साठा अथवा इंटरनेटवरून येणारा प्रवाह तो उत्तम रीतीने हाताळतो. प्रश्न असा की, मर्यादित निधी त्यातील कोणत्या अंगावर खर्च करावा?

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. ध्वनिलेख हा मूलतः संख्यांचा क्रम आहे. कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० वेळा, १६ बिटांच्या संख्येने, प्रत्येक वाहिनीचे मापन नोंदलेले असते. स्मृतिपत्र, जाल व तारा या संख्या जशाच्या तशा पोचवितात. वाटेत एखादा अंश बिघडला तर तो तपासला जाऊन पुन्हा मागविला जातो. म्हणून महागडी जालतार घेतल्याने तंबोरा अधिक गोड होत नाही. दर्जा ठरतो तो तीन ठिकाणी : संख्या बदलली जाते तेथे, संख्येचा विद्युत्‌दाब होतो तेथे, आणि तो दाब प्रवर्धकाकडे जातो तेथे.

पहिले स्थान आज्ञावलीचे. अनेक प्रवाह एकत्र मिसळण्याच्या सोयीसाठी संगणकाची ध्वनिव्यवस्था पुष्कळदा सर्व ध्वनिलेख ४८,००० च्या गतीत बदलून घेते. ४४,१०० व ४८,००० यांचे प्रमाण १४७ : १६० असे असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक मूल्य नव्याने काढावे लागते. ते साध्या रेषीय अंतर्वेशनाने काढले, तर उच्च उपस्वरांत विकृती शिरते. ध्वनिलेख मूळ गतीनेच थेट परिवर्तकाकडे पाठविणे हा यावरील बिनखर्ची उपाय होय. आवाज कमी करण्याचेही तसेच. १६ बिटांच्या मार्गात तो अंकीय रीतीने २४ डेसिबलने उतरविला, तर सुमारे ४ बिट हरवतात. त्यासाठी २४ वा ३२ बिटांचा मार्ग वापरावा, किंवा आवाजाचे नियमन प्रवर्धकावर सोपवावे.

दुसरे स्थान परिवर्तनाचे. रास्पबेरी पायच्या ज्या आवृत्त्यांवर श्रवणिकेचे छिद्र आहे, त्यांत स्पंदांची रुंदी बदलून ध्वनी निर्माण केला जातो. मूळ स्वरूपात या पद्धतीची सूक्ष्मता सुमारे ११ बिटांची भरते. बिटांच्या संख्येस ६.०२ ने गुणून त्यात १.७६ मिळविले असता डेसिबलमधील सैद्धांतिक कमाल अंतर मिळते. ११ बिटांस ते ६८ येते, तर १६ बिटांस ९८. नंतरच्या आज्ञावलींनी या मार्गात सुधारणा केली, तरी विझत जाणाऱ्या तंबोऱ्याचा शेवट गोंगाटात बुडू नये म्हणून आय-टू-एस मार्गाने जोडलेला स्वतंत्र परिवर्तक घेणे इष्ट. सर्वांत मोठा लाभ येथे होतो.

परिवर्तकास संख्या कोणत्या क्षणी द्यावयाची हे कालस्पंद ठरवितात. ४४,१०० च्या गतीस, प्रत्येक मापनामागे ६४ स्पंद धरले, तर २.८२२४ मेगाहर्ट्झचा स्पंद लागतो. ५०० मेगाहर्ट्झच्या घड्याळास या संख्येने निःशेष भाग जात नाही, भागाकार १७७.१५ येतो. म्हणून विभाजक कधी १७७, तर कधी १७८ स्पंद मोजतो. सरासरी बरोबर येते, परंतु एकेका स्पंदात २ नॅनोसेकंदांपर्यंत चूक राहते. १० किलोहर्ट्झच्या पूर्ण तीव्रतेच्या स्वरास अशी चूक सुमारे ७८ डेसिबल खालील विकृती देऊ शकते. ती मोजता येते. ऐकू येईलच असे नाही. परिवर्तकावरच २२.५७९२ व २४.५७६ मेगाहर्ट्झचे स्फटिक बसवून संगणकास त्यांच्या तालावर चालविले, म्हणजे विभाजन पूर्णांकी होते व ही चूक उरत नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा स्फटिकही ढळत नाही काय? ढळतो, परंतु अल्प. दशलक्षांशी ५० भागांचा फरक पडला तरी स्वर ०.०९ सेंटनेच सरकतो. ८१ : ८० ही प्रमाणश्रुती २१.५ सेंटांची असते. तिचा हा सुमारे अडीचशेवा भाग झाला. सावकाश होणारे हे ढळणे कानास कळत नाही. विचार करावयाचा तो क्षणोक्षणीच्या असमतेचा.

तिसरे स्थान विद्युत्‌जोडणीचे. संगणक व प्रवर्धक निरनिराळ्या ठिकाणी भूमीस जोडले गेले, तर त्यांच्यामध्ये वलय तयार होऊन ५० हर्ट्झची व तिच्या पटींची गुणगुण येते. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. म्हणजे ५०, १०० व १५० हर्ट्झची ही गुणगुण नेमकी खर्जाच्या परिसरात पडते. दोन्ही यंत्रांस एकाच फलकावरून वीज देणे आणि पुरेशा क्षमतेचा ५ व्होल्टचा पुरवठा वापरणे, हे उपाय स्वस्त असून गुणकारी आहेत.

तेव्हा क्रम असा : मूळ गती राखावी, स्वतंत्र परिवर्तक घ्यावा, भूमीवलय तोडावे, आणि निधी उरल्यास स्फटिकांचा विचार करावा. प्रत्येक बदलाची परीक्षा दोन्ही जोडण्यांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवून, आणि कोणती जोडणी चालू आहे हे श्रोत्यास कळू न देता घ्यावी. किंचित मोठा आवाज कानास नेहमीच अधिक चांगला वाटतो. ही सावधगिरी न पाळल्यास सुधारणा यंत्रात झाली की केवळ पातळीत, याचा निर्णय करता येत नाही.