पाणथळीतले शेजारी (भाग ६) : सारसाचं बिऱ्हाड
गेल्या आठवड्यात आपण सारंगागार पाहिलं. बाभळींवर चित्रबलाकांची आणि बगळ्यांची दाटीवाटीची घरटी, शेजाऱ्याच्या काड्या पळवणं, दिवसभर कलकलाट. आजच्या पक्ष्याला ही गर्दी मानवणार नाही. सारस झाडावर बसतच नाही. त्याच्या पायाचं मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं असतं, त्यामुळे फांदी पकडता येत नाही. घरट्यासाठी त्याला उथळ पाण्याखालची जमीन लागते, आणि तिथे दुसरी जोडी खपत नाही.

महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे, थोडाफार भंडाऱ्यात. नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट. तिथल्या शेतांतही त्याचा वावर आहे. धानाच्या बांध्या, बोड्या आणि माजी मालगुजारी तलाव यांवर त्याचं सगळं चालतं. पाणवनस्पतींचे कंद, सांडलेलं धान, बेडूक, किडे, मासे, प्रसंगी साप, खाण्यात फारशी निवड नाही.

उडणाऱ्या पक्ष्यांत सारस जगात सर्वांत उंच, जवळजवळ सहा फुटांपर्यंत. अंग राखी, पाय गुलाबीसर, डोकं आणि मानेचा वरचा भाग पिसांविना लाल. विणीच्या काळात हा लाल रंग अधिकच गडद होतो. नर-मादी दिसायला सारखेच, नर जरा थोराड. पण दोघं एकत्र ओरडू लागले की फरक लगेच कळतो. दोघंही माना ताठ करून चोची आभाळाकडे करतात, नर पंख उचलून धरतो आणि त्याच्या एका हाकेला मादी बहुधा दोन आखूड हाकांनी साथ देते. सारसाची लांब श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घेऊन बसलेली असते. आवाजाला तो दूरवर पोचणारा खणखणीतपणा येतो तो तिच्यामुळे.

या गाण्याला प्रेमगीत म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मला ते सातबारा वाचून दाखवल्यासारखं वाटतं. ही बांधी, ही बोडी आमची, असं जोडी आसपासच्या सारसांना बजावत असते.

एक सारस मेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो, ही समजूत खूप जुनी. जोडी सहसा जन्मभराची असते हे खरं, पण एकटा पडलेला पक्षी पुन्हा जोडीदार मिळवतो, अशाही नोंदी आहेत. उत्तर भारतातल्या दीर्घ अभ्यासात तर तिघांनी मिळून संसार केल्याचं, तिघांनी एकत्र गायल्याचंही आढळलं. अशी त्रिकुटं अगदी विरळा, हजारो नोंदींत दोन टक्क्यांहूनही कमी. मला या दंतकथेपेक्षा बादशहा जहांगीराचं निरीक्षण मोलाचं वाटतं. त्याने पाळलेल्या जोडीला लैला-मजनू अशी नावं दिली खरी, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. दोन अंड्यांमध्ये ४८ तासांचं अंतर होतं आणि अंडी ३४ दिवस उबवली गेली, हे त्याने नोंदवून ठेवलं.

पाऊस लागला की घरट्याची गडबड सुरू होते. दोघंही भोवतालचं गवत, लव्हाळे, कधी धानाची रोपंही उपटून मधे टाकत जातात. ढीग वाढत वाढत दीड-दोन मीटर रुंद होतो. उपटल्यामुळे भोवती मोकळं पाणी राहतं आणि मधे घरट्याचं बेट. त्यावर बहुधा दोन अंडी. दोघंही आळीपाळीने महिनाभर उबवतात. पिल्लू एक-दोन दिवसांतच आईबापामागे पाण्यातून चालू लागतं. धोका दिसला की मोठे हलकासा आवाज काढतात आणि पिल्लू जागच्या जागी अंग चोरून दबून बसतं. उडायला लागायला त्याला तीन महिने लागतात. म्हणजे तोवर बांधीत पाणी हवं, आडोसा हवा आणि कुत्रा फिरकायला नको.

पावसाने ओढ दिली तर बेटाभोवतीचं पाणी आटतं आणि कुत्र्या-कावळ्यांना वाट मोकळी होते. एकदम जोराचा आला तर अंडी बुडतात. म्हणून शेतकऱ्याचं मन इथे फार महत्त्वाचं. रोवणी झालेल्या बांधीत घरटं झालं की त्याचं थोडं धान जाणारच. तेवढी जागा सोडून, धुऱ्यावरून वळसा घालून जाणारे शेतकरी गोंदियात आहेत, आणि सारस टिकले ते त्यांच्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. या नुकसानीची भरपाई त्यांना विनाविलंब मिळायला हवी. नुसत्या सत्काराने भागत नाही.

विजेच्या तारांवर मात्र शेतकऱ्याचा इलाज चालत नाही. एवढा जड पक्षी उडताना चटकन वळू शकत नाही, आणि पहाटेच्या धूसर उजेडात तार दिसत नाही. तारांवर ठळक खुणा लावणं किंवा ये-जा असलेल्या तलावांजवळ त्या जमिनीखालून नेणं, हे दोन्ही उपाय करता येण्याजोगे आहेत. सारसांची गणना पावसाच्या तोंडावर, जूनमध्ये, पहाटे होते. तेव्हा पाणी मोजक्याच तलावांत उरलेलं असतं आणि पक्षी तिथे मुक्कामाला येतात. अलीकडच्या गणनांत गोंदियाचा आकडा तीसच्या आसपास राहिला आहे. इतक्या थोड्यांत तारेला धडकून एक जरी मेला, तरी विणीची एक अख्खी जोडी मोडते.

पुढच्या भागात उजनीच्या जलाशयावरचे रोहित.