गुडघेदुखी आणि नित्य चालणे

गुडघे दुखू लागताच घरची मंडळी ज्येष्ठांचे फिरणे मायेपोटी बंद करतात. परिणाम मात्र उलटा होतो. सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टाकताना ती दाबली जाते, भार सुटताच पूर्ववत होते, आणि या क्रियेतूनच सांध्यातील वंगणद्रव तिचे पोषण करतो. शिवाय न चालल्याने मांडीचे स्नायू दुर्बळ होतात.

दहा हजार पावलांचा अट्टहास नको. तो आकडा १९६५ मधील एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. काठी घेण्यात कमीपणा कसला? ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हाती धरावी. सांधा सुजल्यास मात्र अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावे.