पान्हा, चहा आणि तलावाची फेरी

कात्रज म्हटलं की कुणाला घाट आठवतो, कुणाला सर्पोद्यान आणि पुष्कळ पुणेकरांना दूध. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६० साली उभा राहिला आणि त्याचं दूध ‘कात्रज’ याच नावानं घराघरांत पोचलं. पहाटे दाराला अडकवलेली पिशवी, गॅसवरचं पातेलं, चहा: इतक्या रोजच्या गोष्टीत नवल ते काय? नवल शोधायचं तर पिशवीच्याही मागे, गोठ्यात जावं लागतं.

गाईच्या कासेतलं बरंचसं दूध नुसतं ओढून निघत नाही. ते गाईनं सोडावं लागतं. वासरू ढुशी देतं किंवा सड धुतले जातात, तेव्हा तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. मिनिट-दीड मिनिटात ते कासेपर्यंत पोचतं, तिथल्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध खाली येतं. हाच पान्हा. खरी गंमत पुढेच आहे. रोज त्याच वेळी, त्याच हातानं धार काढली जात असेल, तर कासेला हात लागण्याआधीच, नुसत्या बादलीच्या आवाजानं गाय पान्हावू शकते. गोठ्यात अनोळखी माणूस आला, आरडाओरडा झाला, की तीच गाय पान्हा चोरते. म्हणजे रोजचा ठरलेला क्रम तिच्या शरीराला उमगलेला असतो!

आपलंही काही वेगळं नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांच्या मेंदूतल्या डोपामीनच्या पेशींचं काम टिपलं. अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी उसळायच्या. मग रसाआधी दरवेळी एक खूण दिली गेली. सवय झाल्यावर पेशी रसाला नव्हे, खुणेलाच उसळू लागल्या. आणि खुणेनंतर रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या गप्प व्हायच्या. दूध नासलं आणि सकाळचा चहा हुकला, तर दिवसभर चुटपुट का लागते याचा धागा इथे सापडतो. हुरूप चहाच्या घोटाआधीच, आलं ठेचल्याच्या आवाजात जाऊन बसलेला असतो.

पण मग रोजचं तेच ते मनाला बोथट करत नाही का? करतंच. ते मेंदूच्या फायद्याचंही असतं. एमआयटीत अॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या वाटेवर सोडलं. वाट नवी असताना मेंदूच्या आतल्या भागातल्या काही पेशी सबंध वाटभर राबत होत्या. सवय पडल्यावर त्या फक्त सुरुवातीला आणि शेवटी जाग्या होऊ लागल्या. मधली चाल आपोआप होऊ लागली.

कात्रजला हे समजावून सांगायला एक उत्तम दाखला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी इथे तलाव बांधून जमिनीखालून नहर नेला. एकदा उतार साधला, की पाणी कुणी न ओढता शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत जात राहिलं. सवय म्हणजे असाच साधलेला उतार.

आता त्याच तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांकडे पाहा. पायांना वाट पाठ आहे, त्यामुळे मन मोकळं आहे. हे मोकळं मन जातं कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,२५० माणसांना दिवसाच्या कुठल्याही वेळी विचारलं: काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच, आणि भटकणारं मन कमी सुखी निघालं. माणूस काय करतोय यापेक्षा त्याचं मन कुठे आहे, यावरून त्याच्या सुखाचा अंदाज अधिक नेमका येत होता.

म्हणून एकच फेरी दोघांना दोन प्रकारची पडते. एक जण कालच्या भांडणाची उजळणी करत चालतो. दुसरा बघतो, की जलपर्णी किती सरकली, पाणकावळे आज आलेत का, घाटावर धुकं आहे का. दिनक्रमानं लक्ष मोकळं करून दिलं. ते खर्चायचं कुठे, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

असा क्रम अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोज एक छोटी गोष्ट करायला सांगितली: जेवताना पाणी पिणं, फळ खाणं, थोडं पळणं. सवय पक्की व्हायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. पावसाळ्यात फेरी बुडवणाऱ्यांना दिलासा देणारी गोष्टही त्यातच आहे: एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडलं नाही.