भाऊसाहेबांवरचं एक अभ्यासपूर्ण पुस्तक

गोव्याच्या राजकारणाची आवड असलेल्यांनी एक पुस्तक वाचायलाच हवं. गोवा विद्यापीठात इतिहास शिकवणारे पराग परोबो यांचं 'इंडियाज फर्स्ट डेमोक्रॅटिक रेव्होल्यूशन', ओरिएंट ब्लॅकस्वान, 2015. विषय आहे दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर आणि गोव्यातल्या बहुजन समाजाचा उदय.

भाऊसाहेब पेडण्याचे, खाण व्यावसायिक. पोर्तुगीज राजवटीतून गोव्याच्या मुक्तीनंतर दोन वर्षांत, डिसेंबर 1963 मध्ये पहिली निवडणूक झाली आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष सत्तेवर आला. देशभर काँग्रेसचा दबदबा असताना गोव्यात तिला एकही जागा मिळाली नाही! आपण मगोची आठवण काढतो ती बहुतेक महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या वादापुरती, 1967 च्या जनमत कौलापुरती. परोबो मात्र जात, जमीन आणि शिक्षण यांच्याकडे लक्ष वेधतात, आणि मला तीच या पुस्तकाची खरी ताकद वाटते.

जमिनीचंच बघा. 1964 चा कूळ कायदा, मग 1976 मध्ये मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात कुळांना मालकी देणारी दुरुस्ती. आमच्या सर्वणात, सगळ्या डिचोलीत, आजही जमिनीचा एक-चौदाचा उतारा हातात आला की आधी नजर जाते ती कुळाच्या रकान्याकडे. त्या रकान्यात आजोबांचं नाव आहे की नाही, यावर घरातले केवढे तरी निर्णय अडून असतात.

पुस्तक इंग्रजीत आहे. मराठी शाळा गावोगाव पोहोचवणाऱ्या माणसावरचं हे संशोधन मराठीत यायलाच हवं. कुणी अनुवाद करत असेल तर जरूर कळवा.