वीस इंची चाकांचा हिशेब

इलेक्ट्रिक गाडीला १८ इंची साधी चाकं घ्यावीत की २० इंची झोकदार अलॉय, असं एका वाचकाने विचारलं आहे. ह्युंदाईच्या आयोनिक ६ चे आकडेच पाहा. अमेरिकेतल्या सरकारी मापनानुसार २०२३ च्या लाँग रेंज, रिअर-व्हील ड्राइव्ह मॉडेलचा पल्ला १८ इंची चाकांवर ३६१ मैल, म्हणजे ५८१ किलोमीटर. बॅटरी आणि मोटर तीच ठेवून २० इंची चाकं लावली की ४९१. महागड्या मॉडेलमध्ये इतर साजही थोडा वाढतो, पण गेलेल्या नव्वद किलोमीटरांचा मोठा वाटा चाकं-टायरांचाच.

लोक चाकाच्या वजनाला दोष देतात. पण जड चाकाला वेग देताना खर्ची पडलेल्या ऊर्जेतली बरीचशी, गाडी मंदावताना मोटर बॅटरीत परत भरते. टायरच्या घर्षणात आणि वाऱ्यात गेलेली ऊर्जा कायमचीच जाते. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि माथ्यावरचा बिंदू ताशी २०० ने पुढे झेपावतो! उघड्या आऱ्या ताकातल्या रवीसारखी हवा घुसळतात. गाडीला होणाऱ्या हवेच्या एकूण विरोधात चाकं आणि त्यांच्या कमानींचा वाटा साधारण पाव असतो.

इथे मला कामी जेनात्झी आठवतो. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळच्या आशेर इथे या बेल्जियन गड्याने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. रस्त्यावरच्या वाहनाने शंभरी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ, आणि गाडी चक्क इलेक्ट्रिक! वारा कापायला तिला टॉर्पेडोचा आकार दिला होता. पण चाकं आणि सांगाडा खाली उघडेच, वर जेनात्झी छातीपर्यंत बाहेर. निम्मी करामत तिथेच वाया गेली. ही गाडी आजही फ्रान्समध्ये काँपियेनच्या संग्रहालयात आहे.

जनरल मोटर्सच्या ईव्ही१ ने १९९६ मध्ये मागची चाकं बरीचशी झाकून टाकली. तिचा वायुरोध गुणांक होता अवघा ०.१९. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते, ब्रेक कमी तापतात, म्हणून चाकाचा चेहरा जवळजवळ बंद ठेवता येतो. टेस्ला मॉडेल ३ च्या १८ इंची चाकांवरची प्लास्टिकची झाकणं त्यासाठीच असतात. दिसायला ती बेताची, म्हणून काही मालक ती काढून ठेवतात. तसं करू नये.

माझं मत स्पष्ट आहे: लहान, सपाट तोंडाची चाकं घ्या. खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही जाड टायरमुळे कमी होते. आणि शोरूममध्ये पल्ला सांगितला की तो नेमका कोणत्या चाकांवर मोजला आहे, हे आधी विचारा.