स्वयंचलित गिअरबॉक्सचें तेल घरीं बदलतांना

शाळेंत छत्तीस वर्षें गणित शिकविलेल्या माणसानें मोटारीच्या तेलाविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु तीन वर्षांपूर्वीं माझा डावा गुडघा क्लच दाबतांना कुरकुरूं लागला, आणि निवृत्तिवेतनाच्या शिलकेंतून मीं स्वयंचलित गिअरबॉक्सची एक जुनी गाडी विकत घेतली. सकाळीं दांडा ‘डी’वर टाकला कीं गाडी क्षणभर तशीच उभी राही आणि मग धक्का देऊन निघे. विकणाऱ्यास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, त्या तेलाला कुणीं हात लावलेला नाहीं. तें जन्मभर पुरतें.” जन्म कोणाचा, तेलाचा कीं गाडीचा, हें मात्र त्यानें सांगितलें नाहीं.

हें तेल करतें काय, तें आधीं पाहूं. साध्या गिअरबॉक्सांत तेलाचें मुख्य काम दात्यांना वंगण देण्याचें. स्वयंचलित गिअरबॉक्सांत मात्र तें चार कामें करतें. टॉर्क कन्व्हर्टरमध्यें इंजिनाची शक्ति त्याच्याच द्वारें पुढें जाते. त्याच्याच दाबानें आंतील क्लचच्या चकत्या आवळल्या जाऊन गति बदलते. तेंच उष्णता बाहेर नेतें. आणि वंगणहि देतें. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स दिला, तेव्हांपासून तेलाच्या दाबानें गति बदलण्याची रीत मोठ्या प्रमाणावर प्रचारांत आली. घाटांत व गर्दींत हें तेल फार तापतें. तापून तें जुनें होतें, आणि चकत्यांची झीजहि त्यांत मिसळते. असे गिअरबॉक्स बनविणारी जर्मनीची झेडएफ कंपनी आपल्या गिअरबॉक्सांचें तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांनीं किंवा ८ वर्षांनीं बदलावें, असें सांगते. तेव्हां ‘जन्मभर’ या शब्दावर विसंबूं नये.

पाना हातांत घेण्यापूर्वीं आपला गिअरबॉक्स कोणत्या जातीचा, हें ओळखलें पाहिजे. ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नांवाखालीं आपल्याकडे टॉर्क कन्व्हर्टरची, सी. व्ही. टी., दुहेरी क्लचची आणि ए. एम. टी. अशा निरनिराळ्या जाती विकल्या जातात. यांपैकीं ए. एम. टी. हा मूळचा साधाच गिअरबॉक्स. त्याचा क्लच व दांडा यंत्र हलवितें, इतकेंच. प्रत्येक जातीचें तेल वेगळें, आणि एकाचें दुसऱ्यांत घातल्यास मोठें नुकसान होतें. मी आज बोलतों आहें तें टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्साविषयीं. तेलाचें नेमकें नांव, माप आणि पातळी पाहण्याची रीत गाडीच्या पुस्तकांत पाहावी.

दुसरी गोष्ट जिवाची. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, पेलून धरण्याचें नव्हे. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखालीं कोणींहि शिरूं नये. सपाट, टणक जमिनीवर भक्कम लोखंडी टेकू द्यावे आणि गाडी चहूं बाजूंनीं सारखी ठेवावी. ती तिरपी असल्यास पातळी चुकते.

तिसरी गोष्ट मीं चूक करून शिकलों. तेल काढण्याचा बोल्ट खालीं असतो, तो मीं आधीं उघडला. तेल वाहून गेलें. मग भरण्याचा बोल्ट पाहतों, तर तो गंजून घट्ट बसलेला! पान्यानें त्याचे कोपरे झिजले, पण तो हलेना. गाडी आठ दिवस अंगणांत रिकामी उभी राहिली, आणि पत्नीस दवाखान्यांत रिक्षानें न्यावें लागलें. म्हणून सांगतों, भरण्याची वाट आधीं मोकळी करावी. मगच खालचा बोल्ट उघडावा.

तत्पूर्वीं दहा मिनिटें गाडी फिरवून आणावी. कोमट तेल सहज वाहतें. लांबच्या प्रवासानंतर लगेच उघडल्यास मात्र हात भाजतो. तेल घमेल्यांत धरून मापाच्या डब्यांत ओतावें. माझ्या गाडींत पुस्तकाप्रमाणें एका वेळीं ३ लिटर तेल निघावयास हवें होतें, निघालें २.६ लिटर. सकाळच्या दिरंगाईचें एक कारण तेथेंच सांपडलें. एका सीलपाशीं तेल पाझरत होतें, आणि तें कमी पडलें म्हणजे पंप हवा ओढतो व दाब उशिरां तयार होतो. निघालें तेवढेंच परत घातलें असतें, तर तो दोष तसाच राहिला असता.

आतां थोडें गणित. माझ्या गिअरबॉक्सांत एकूण ७.५ लिटर तेल मावतें. खालून ३ लिटरच निघतें. बाकीचें टॉर्क कन्व्हर्टरांत व नळ्यांत राहतें. म्हणजे एकदां बदलल्यावर शंभरांत ६० भाग जुनेंच उरतें. कांहीं दिवस गाडी चालवून पुन्हां बदललें तर ३६, आणि तिसऱ्यांदां सुमारें २२. जुन्या गाडीस हीच सबुरीची रीत मला बरी वाटते.

निघालेल्या तेलाची परीक्षा करावी. नवें तेल बहुधा लाल असतें. तपकिरी रंग वयाचा. दुधाळ गुलाबी रंग म्हणजे आंत पाणी शिरलें. गाडी चालवूं नये. बोल्टाच्या लोहचुंबकावर मऊ करडा लगदा असल्यास भय नाहीं. धातूचे तुकडे मिळाले, किंवा तेल काळें पडून जळकट वास येत असला, तर जाणत्या कारागिराकडे जावें. झिजलेल्या चकत्या नव्या तेलानें भरून येत नाहींत. “तेल बदललें आणि गिअरबॉक्स गेला” असें ऐकूं येतें, तेथें पुष्कळदां तो आधींच जाण्याच्या वाटेवर असतो.

नवा वॉशर घालून बोल्ट बसवावा, नरसाळ्यानें तेल भरावें, आणि इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, दांडा प्रत्येक स्थानावर क्षणभर थांबवीत परत ‘पी’वर आणावा. त्या वेळीं गाडीखालीं कोणीहि नसावें. मग पुस्तकांतील रीतीनें, सांगितलेल्या उष्णतेस पातळी पाहावी. कमी तेल जसें वाईट तसें जास्तहि. फिरत्या भागांनीं घुसळून त्याचा फेंस होतो, आणि फेंसांत दाब टिकत नाहीं. जुनें तेल गटारांत ओतूं नये. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत तेंहि येतें. डब्यांत भरून तें गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे पोंचवावें.

तीनदां तेल बदललें, सील नवें बसविलें. सकाळची दिरंगाई गेली. धक्का कमी झाला, पुरता गेला नाहीं. दहा वर्षांची हयगय तीन डब्यांनीं धुऊन निघत नाहीं. परंतु गुडघा दुखला म्हणून थांबलेला माझा प्रवास पुन्हां सुरू झाला, हें मला पुरेसें आहे. दुसऱ्याच्या हातची जुनी गाडी घेतांना मागल्या मालकाचा शब्द ऐकावा अवश्य. विश्वास मात्र स्वतः घेतलेल्या मापावर ठेवावा.