शंभरावं मेडल सुरगाण्याचं!

२०२३ चा ऑक्टोबर आठवतोय? वर्ल्ड कप आपल्याकडेच चालू होता आणि कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. २९ तारखेच्या भारत-इंग्लंड मॅचची चर्चा रंगलेली असताना, आदल्या दिवशी चीनमधल्या हांगझोऊमध्ये आपल्या नाशिक जिल्ह्याच्या एका पोराने ४०० मीटर शर्यत ४९.४८ सेकंदांत मारली. आशियाई पॅरा स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं मेडल होतं, आणि तेही गोल्ड. स्पर्धा संपली तेव्हा आपली एकूण मेडल्स १११ झाली होती.

त्या पोराचं नाव दिलीप गावित. गाव सुरगाणा तालुक्यातलं तोरणडोंगरी. सुरगाणा म्हणजे गुजरातच्या सीमेला चिकटलेला डोंगराळ, आदिवासी तालुका. तिथली कितीतरी कुटुंबं दरवर्षी दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांच्या कामाला येतात. लहानपणी झाडावरून पडल्यावर दिलीपने उजवा हात गमावला. पुढे नाशिकला वैजनाथ काळे सरांकडे त्याची ट्रेनिंग झाली. आपल्याकडे लांब पल्ल्याचं रनिंग म्हटलं की आधी ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ कविता राऊत आठवते. दिलीपही त्याच डोंगरपट्ट्यातला, पण त्याचं अंतर वेगळं आणि जास्त दम काढणारं.

आता जरा गणित करा. ४९.४८ सेकंदांत ४०० मीटर म्हणजे ताशी साधारण २९ किलोमीटर. गंगापूर रोडवर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तुमची अ‍ॅक्टिव्हा एवढी पळते का? कॉलेजच्या ग्राउंडवर एकदा घड्याळ लावून एक राउंड मारून बघा. मिनिटाच्या आत आलात तरी मित्र खांद्यावर घेतील.

आणि ‘पळायला हात कशाला लागतात’ असं वाटत असेल, तर एक हात पाठीशी धरून शंभर मीटर पळून पाहा. डावा पाय पुढे जातो तेव्हा उजवा हात पुढे येतो आणि अंग तिरकं फिरू देत नाही. हा तोल एका बाजूने गेला की वळणावर शरीर बाहेर फेकलं जातं आणि ते सावरण्यात ताकद जाते. चारशे मीटरमध्ये दोन वळणं असतात. शेवटच्या शंभरात पाय जड होतात, तेव्हा तर धावपटू हातांच्याच जोरावर स्वतःला ओढत नेतो. स्टार्टलाही हात लाइनमागे टेकून खाली वाकतात. ज्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही तो खाली छोटा ठोकळा ठेवतो. असे बारीकसारीक जुगाड समजले की ही शर्यत बघायला जाम मजा येते.

दिलीप धावतो तो गट टी-४७. ‘टी’ म्हणजे ट्रॅक. ४५ ते ४७ हे आकडे हातांच्या अपंगत्वासाठी आहेत, ११ ते १३ दृष्टीसाठी. फेकीच्या प्रकारांना ‘एफ’ लागतो, म्हणून पॅरिसमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून सिल्व्हर आणणारा आटपाडीचा सचिन खिलारी एफ-४६. एवढं माहीत असलं की पॅरा स्पर्धा ‘बिच्चाऱ्यांचं कौतुक’ म्हणून न बघता खेळ म्हणून बघता येते. त्याच पॅरिसमध्ये, २०२४ ला, दिलीप फायनलला गेला आणि आठवा आला. आठवा आल्यावर हेडलाइन होत नाही, पण ऑलिंपिकमध्ये आपला धावपटू ४०० च्या फायनलला पोचला असता तर आपण काय केलं असतं? मला तरी हा आठवा नंबर मोठा वाटतो.

मेडलवाल्यांचं ठीक आहे. पण तुमच्या वर्गातल्या त्या मैत्रिणीचं काय, जी स्पोर्ट्स डेला सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बसते? २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलेलं आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत उच्च शिक्षणाच्या किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे ही मुलं कॅम्पसवर असायलाच हवीत. ती दिसत नसतील, तर बऱ्याचदा जिन्यात अडलेली असतात. यूडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. सवलती, स्कॉलरशिप, सगळीकडे तेच विचारतात.

खेळायचे प्रकारही भरपूर आहेत. अंधांच्या बुद्धिबळात काळी घरं किंचित उंच असतात, सोंगट्या भोकांत खोचतात आणि दोघांकडे आपापला पट असतो. चाल तोंडाने सांगायची. अंधांच्या क्रिकेटमध्ये बॉल खुळखुळतो, बॉलिंग खालून करतात आणि पूर्ण अंध बॅट्समनच्या रन्स दुप्पट धरतात. डोळ्यांना पट्टी बांधून एक ओव्हर खेळून बघा, अंदाज येईल.

यात तुम्हालाही जागा आहे. अंध धावपटूसोबत गाइड रनर लागतो. दोघांच्या हातात एकच दोरी. गाइडने ओढायचं नाही आणि फिनिश लाइन आधी ओलांडायची नाही. पॅरिसमध्ये सिमरन शर्माने २०० मीटरचं ब्रॉन्झ जिंकलं, तेव्हा तिचा गाइड अभय सिंगही तिच्यासोबत पोडियमवर होता. एवढं पळणं जमत नसेल तर परीक्षेला रायटर व्हा. सेमिस्टर आली की रायटर मिळता मिळत नाहीत, कारण ज्यांना विचारावं त्यांचाच पेपर असतो. अक्षर बरं आणि सांगितलं तेवढंच लिहायची सवय हवी. नॅबचं महाराष्ट्र युनिट आपल्या सातपूरलाच आहे, तिथे चौकशी करता येईल.

आणि हो, यंदा स्पोर्ट्स डेचा फॉर्म जिमखान्यात लागला की पॅरा इव्हेंटचा रकाना आहे का, तेवढं बघा. नसेल तर सरांना विचारा. शंभर मीटर आणि गोळाफेक, सुरुवातीला दोनच ठेवले तरी चालतील.